वाढलेली साखर आणि मेंदू: काय मोजायचं, काय सांभाळायचं

मधुमेह झाला की डोळे, मूत्रपिंड आणि पाय तपासून घ्यायला सगळेच सांगतात. मेंदूचं नाव त्या यादीत फार उशिरा येतं. मेंदू दुखत नाही, पायासारखी सूज दाखवत नाही, आणि त्याचं मंदावणं वयाच्या नावावर सहज खपून जातं. साखरेमुळे मेंदूचं जे नुकसान होतं त्यातलं बरंचसं लांबवता येतं, पण त्यासाठी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजायला हवी: मेंदूला वर्षानुवर्षं चढलेली साखर जशी बाधते, तशीच एका रात्रीत झपकन उतरलेली साखरही बाधते. खालची सगळी मांडणी ही दोन्ही टोकं टाळण्यासाठी आहे.

साखर मेंदूत शिरते कशी

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असतं, पण आराम करताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागतं. स्वतःचा साठा जवळजवळ नसल्यामुळे त्याला रक्तातून अखंड पुरवठा हवा असतो.

स्नायूंना एरवी ग्लुकोज आत घ्यायला इन्सुलिन लागतं. मेंदूचं तसं नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ग्लुट-१ आणि चेतापेशींवर ग्लुट-३ नावाची वाहक प्रथिनं असतात, आणि ती इन्सुलिनची वाट बघत नाहीत. म्हणून रक्तातली साखर वाढली की मेंदूतलीही वाढते. ती बाहेर रोखून धरायची सोय मेंदूकडे नाही.

सगळ्यात जास्त मार बसतो तो बारीक रक्तवाहिन्यांना. जास्तीची साखर प्रथिनांना चिकटून बसते, वाहिन्यांचं अस्तर सुजतं, भिंती जाड आणि ताठ होतात. मेंदूच्या खोल भागातल्या पांढऱ्या द्रव्याला, म्हणजे मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाणाऱ्या तारांना, रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात आणि एक बंद पडली तर तिचं काम उचलायला शेजारी दुसरी क्वचितच असते. तिथे हळूहळू रक्त कमी पडतं. एमआरआयच्या अहवालात पांढऱ्या द्रव्यातले बदल किंवा जुने छोटे इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोहोचल्याने मेलेले ठिपके, असा उल्लेख असेल तर तो बऱ्याचदा याच झिजेचा असतो. असे बारीक झटके कित्येकदा येऊन गेलेले कळतही नाहीत. उच्च रक्तदाब याच वाहिन्या याच प्रकारे खराब करतो, म्हणून साखर आणि रक्तदाब एकत्र असले की झीज फार वेगाने होते.

दुसरा धागा इन्सुलिन-रोधाचा. आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात इन्सुलिनचा संदेश पकडणारी ग्राहक प्रथिनं (रिसेप्टर) भरपूर असतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं तेव्हा मेंदूतही तो संदेश क्षीण होतो, असं दिसतं. यावरून अल्झायमरला टाइप ३ मधुमेह म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते नाव विसरलेलं बरं. ते मान्यताप्राप्त निदान नाही, आणि अल्झायमर झालेल्या अनेकांना मधुमेह नसतो.

धोका मधुमेहाची रेषा ओलांडल्यावरच सुरू होतो असंही नाही. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन हजारांहून अधिक ज्येष्ठांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेह नसलेल्यांमध्येही रक्तातली सरासरी साखर १०० ऐवजी ११५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे १८ टक्के जास्त दिसला. मधुमेह असलेल्यांमध्ये १६० ऐवजी १९० सरासरीला तो सुमारे ४० टक्के जास्त होता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण ११५ हा आकडा बघून ‘अजून तर काही नाही’ म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

आधी आकडे हातात घ्या

प्रयोगशाळेतून रक्ताच्या तीन तपासण्या होतात. साखरेचे खालचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले आहेत. तुमच्या अहवालात मिलिमोल प्रति लिटर असेल तर त्याला १८ ने गुणा.

उपाशीपोटी, म्हणजे किमान ८ तास काही न खाता: १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ मधुमेहपूर्व अवस्था, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर २ तासांनी: १४० च्या खाली ठीक, १४० ते १९९ मधुमेहपूर्व, २०० पासून पुढे मधुमेह.

एचबीएवनसी: ५.७ टक्क्यांच्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व, ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर एका अहवालावर निदान करत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात.

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. ६ टक्के म्हणजे सरासरी सुमारे १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३ आणि ९ म्हणजे २१२. हा आकडा सोयीचा आहे, पण तो दोन ठिकाणी फसवतो. एक, लाल रक्तपेशींचं आयुष्य बदललं की तोही बदलतो: लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, तर रक्तस्राव, रक्त चढवणं किंवा लाल पेशी लवकर फुटण्याचे आजार यांत कमी. दोन, सरासरीत चढउतार लपतात. दिवसा २५० आणि पहाटे ५५ असणाऱ्या माणसाचीही सरासरी छान दिसू शकते, आणि मेंदूच्या दृष्टीने हा माणूस धोक्यात असतो. म्हणून नुसत्या एचबीएवनसीवर समाधान मानू नका.

त्याच भेटीत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा चुकवू नका. पडद्यावरच्या आणि मेंदूतल्या बारीक वाहिन्या एकाच घडणीच्या असतात, आणि शरीर न कापता अशा वाहिन्या प्रत्यक्ष बघता येतात त्या फक्त डोळ्यात.

घरी मोजताना

ग्लुकोमीटर सहसा वाईट नसतो, चुका हाताळण्यात होतात. बोटाला फळाचा रस किंवा साखरेचा अंश लागलेला असेल तर आकडा कितीतरी जास्त येतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा कमी येऊ शकतो. बोटाच्या मधोमध टोचण्याऐवजी कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. रक्त यावं म्हणून बोट पिळू नका, हात खाली सोडून थोडा वेळ हलवा. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, कारण दमट हवेने त्या खराब होतात. मुदत संपलेली पट्टी वापरू नका.

चांगल्या मीटरमध्येही १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं मानक आहे. म्हणजे काल १४८ आणि आज १५९ यात वाचण्यासारखं काही नाही. आकडा लक्षणांशी जुळत नसेल तर हात धुऊन पुन्हा मोजा.

कधी मोजायचं हे कशासाठी मोजतोय यावर ठरतं. जेवणाचा परिणाम बघायचा असेल तर पहिल्या घासाआधी आणि पहिल्या घासानंतर बरोबर २ तासांनी, अशा जोडीने मोजा. एक आठवडा नाश्त्याची जोडी, पुढचा आठवडा दुपारच्या जेवणाची, त्यानंतर रात्रीची. तीन आठवड्यांत कोणतं जेवण साखर उडवतंय ते स्पष्ट होतं. दोन आकड्यांतला फरक ६० च्या पुढे वारंवार जात असेल तर त्या जेवणाची रचना बदलायला हवी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आठवड्यातून एकदा तरी झोपताना मोजा, आणि पहाटेच्या आकड्याबद्दल शंका असेल तर एखाद्या रात्री ३ वाजता उठून मोजा. सकाळी साखर जास्त दिसते म्हणून रात्रीचा डोस परस्पर वाढवणं ही नेहमीची आणि घातक चूक आहे.

मेंदूची लक्षणं: आधी वेग जातो, आठवण नंतर

घरचे लोक विसरण्याकडे लक्ष ठेवतात. साखरेने होणाऱ्या झिजेत मात्र आधी मंदावतो तो विचारांचा वेग आणि आखणी करण्याची क्षमता. उत्तर बरोबर येतं, पण वेळ लागतो. दोन कामं एकत्र जमत नाहीत. हिशेब करताना अडखळायला होतं, नेहमीच्या स्वयंपाकातला क्रम चुकतो, गाडी चालवताना निर्णय उशिरा होतो, औषधांच्या वेळा गोंधळतात. एखादी आठवण थोडा इशारा दिला की येते. हा तपशील डॉक्टरांना जरूर सांगा, कारण इशारा देऊनही न आठवणं हे वेगळ्या दिशेचं लक्षण आहे.

वही ठेवा. ‘आजकाल विसरतात’ असं मोघम लिहू नका. तारीख, काय चुकलं, त्या वेळी साखर किती होती, एवढं लिहा. साखर २७० च्या पुढे असताना डोकं जड आणि मंद वाटणं हे अनेकांत तात्पुरतं असतं आणि साखर खाली आली की सुटतं. ७० च्या खालचा गोंधळही सहसा तसाच. साखर आटोक्यात असतानाही जो मंदपणा राहतो त्याची वेगळी तपासणी हवी. म्हणूनच स्मरणशक्तीची चाचणी साखर फार चढलेली किंवा उतरलेली असताना देऊ नये, तिचा निकाल भरवशाचा नसतो.

वय ६५ च्या पुढे आणि मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ही चाचणी मागून घ्या. मिनी-कॉग तीन मिनिटांत होते: तीन शब्द लक्षात ठेवायचे, घड्याळाचं चित्र काढून सांगितलेली वेळ दाखवायची, मग ते शब्द सांगायचे. ती निदान करत नाही, पुढे बघायला हवं की नाही एवढंच सांगते.

सगळा दोष साखरेला देण्याआधी बाकीची कारणं तपासा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि त्यानेही विसरभोळेपणा आणि पायाला मुंग्या येतात. हे इंजेक्शनाने किंवा गोळ्यांनी भरून काढता येतं, जितकं लवकर तितकं चांगलं. थायरॉईड, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेत श्वास अडखळणं आणि झोपेच्या गोळ्या या पाचही गोष्टी हमखास निसटतात.

जेवणानंतरची उसळी कमी करणं

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे जेवल्यावर चालणं. काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही ग्लुकोज ओढून घेतो. २०१६ साली न्यूझीलंडच्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहींमध्ये दोन पद्धतींची तुलना केली: दिवसात कधीही एकदम ३० मिनिटं चालणं, आणि प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. चालायला जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत सुरुवात करा. गती अशी ठेवा की बोलता येईल पण गाता येणार नाही. गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीत बसून पाय सरळ करून पुन्हा वाकवा किंवा टाचा उचला, १० मिनिटं. सलग बसून काम असेल तर दर अर्ध्या तासाने ३ मिनिटं उठा.

याखेरीज आठवड्याला १५० मिनिटं दमवणारा व्यायाम आणि २-३ दिवस वजनाचा किंवा रबरी पट्ट्यांचा. स्नायू वाढले की साखर ठेवायला जागा वाढते.

ताटात बदल करताना आधी क्रम बदला. भाजी आणि प्रथिनं आधी, पिष्टमय पदार्थ शेवटी. तेच जेवण, तेवढंच जेवण, आणि तरीही साखर कमी चढते. मग पिष्टमय पदार्थांचं प्रमाण ताटाच्या चौथ्या हिश्शावर आणा, निम्मं ताट पिठूळ नसलेल्या भाज्यांचं असू द्या. गोड पेयं, त्यात फळांचे रसही आले, पूर्ण बंद करा. चावून खाल्लेलं फळ चालतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र पिष्टमय पदार्थ एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा. इथेच घाई केली जाते आणि साखर कोसळते.

उतरलेली साखर: इथे मिनिटं मोजायची

७० च्या खाली साखर गेली की ती उतरली असं धरा. ५४ च्या खाली मेंदूचं काम ढासळतं. २००९ साली जामा या नियतकालिकातल्या मोठ्या अभ्यासात, साखर उतरून रुग्णालयात न्यावं लागलेल्या टाइप २ मधुमेही ज्येष्ठांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसलं, आणि असे प्रसंग जितके जास्त तितकं प्रमाण वाढत गेलं.

लक्षणं ओळखा: थरथर, घाम, धडधड, अचानक भूक, पुढच्या टप्प्यात चिडचिड, जीभ जड होणं, विचित्र वागणं. रात्री उतरली तर घामाने कपडे भिजतात, वाईट स्वप्नं पडतात, सकाळी डोकं दुखतं. वयस्कर माणसात बऱ्याचदा थरथर दिसत नाही, थेट गोंधळ दिसतो. रक्तदाब किंवा हृदयासाठीच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या धडधड आणि थरथर झाकतात, घाम मात्र येतो.

काय करायचं:

१. शक्य असेल तर मोजा. यंत्र हाताशी नसेल तर मोजत बसू नका, उतरली असं समजून चाला.

२. १५ ग्रॅम जलद साखर द्या: ग्लुकोज पावडर १५ ग्रॅम, किंवा सपाट ३ ते ४ चहाचे चमचे साखर पाण्यात, किंवा १५० मिलिलिटर फळांचा रस. चॉकलेट किंवा बिस्किटं नकोत, त्यातल्या स्निग्धांशाने साखर रक्तात उशिरा पोहोचते.

३. १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच.

४. साखर वर आली आणि जेवणाला वेळ असेल तर थोडं पोटभरीचं खा.

अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना साधी साखर वेळेवर उपयोगी पडत नाही, कारण ही औषधं तिचं पचन अडवतात. त्यांच्याजवळ शुद्ध ग्लुकोजच हवं. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, ग्लुकागॉन (साखर वर आणणारं औषध) असेल तर द्या आणि रुग्णवाहिका बोलवा. गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्यामुळे शुद्धीवर आल्यावरही रुग्णालयात नेऊन लक्ष ठेवावं लागतं.

वारंवार उतरत राहिली की शरीर इशारे द्यायचं थांबवतं. दोन-तीन आठवडे साखर एकदाही उतरू न दिल्यास ते इशारे बऱ्याच जणांत परत येतात. तेवढ्या काळासाठी आकडे थोडे वर ठेवायला डॉक्टर सांगतात, ते मानावं.

किती खाली आणायची

जितकी कमी तितकी चांगली, हा समज चाचणीत टिकला नाही. अकॉर्ड या मोठ्या अमेरिकी चाचणीत एका गटाचं एचबीएवनसी ६ टक्क्यांच्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त दिसल्याने २००८ साली तो कडक उपचार थांबवावा लागला. तिच्याच मेंदूविषयक भागात कडक उपचारांच्या गटात मेंदूचा आकार थोडा अधिक टिकला, पण विचारशक्तीच्या चाचण्यांत काही फायदा दिसला नाही.

म्हणून लक्ष्य माणसागणिक ठरवतात. तब्येत धडधाकट असलेल्या ज्येष्ठांसाठी एचबीएवनसी ७ ते ७.५ टक्क्यांच्या खाली, स्मरणशक्ती कमी झालेली असेल किंवा बरेच आजार असतील तर ८ च्या खाली. फार थकलेल्या माणसात एचबीएवनसीचा पाठपुरावा सोडून, साखर उतरू नये आणि तहान-लघवी वाढण्याइतकी चढूही नये, एवढंच बघतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना थेट विचारा: माझं लक्ष्य किती, आणि कोणत्या आकड्याच्या खाली ते जाऊ नये? दुसरा प्रश्न विसरू नका.

आणि रक्तदाबाचं लक्ष्यही विचारा. मेंदूसाठी त्याचं वजन साखरेइतकंच आहे. धूम्रपान चालू असेल तर या पानावरचा कोणताही उपाय ते सोडण्याइतका मोठा नाही.

विसरू लागलेल्या माणसाची औषधं

साखरेने मेंदू मंदावला की औषधं चुकतात, आणि औषधं चुकली की साखर आणखी बिघडते. सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे इन्सुलिन घेतल्याचं विसरून पुन्हा घेणं, किंवा घेऊन जेवायचं विसरणं. वार आणि वेळ लिहिलेल्या कप्प्यांची डबी आठवड्यातून एकदा दुसऱ्या कुणीतरी भरावी. इन्सुलिनचं पेन घरच्यांच्या ताब्यात असावं, टोचल्याबरोबर कॅलेंडरवर खूण करावी. भूक अनिश्चित असेल तर जेवणाआधीचं इन्सुलिन जेवण झाल्यावर देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. ग्लिबेनक्लामाईड ही साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर बदलून मागा, वयस्करांत ती लांबपर्यंत साखर उतरवत राहते. दिवसातून चार वेळा टोचण्याऐवजी एकदाच देता येईल असं वेळापत्रक जमतं का, तेही विचारा.

अशा वेळी वाट बघू नका

तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अस्पष्ट होणं: आधी साखर मोजा, कारण उतरलेली साखर हुबेहूब पक्षाघातासारखी दिसते. पण मोजण्यासाठी रुग्णवाहिका थांबवू नका. गुठळी विरघळवण्याचं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देतात, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून सोबत द्या.

साखर ३०० च्या पुढे, सोबत उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास: रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साठल्याची शंका घ्या. एसजीएलटी-२ प्रकारच्या, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या, गोळ्या चालू असतील तर हे २५० च्या खालच्या साखरेलाही घडू शकतं, म्हणून आकडा कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

वयस्कर माणूस ताप किंवा जंतुसंसर्गानंतर दोन-तीन दिवसांत सुस्त होत चालला, आधी लघवी फार झाली, जीभ कोरडी पडली, उत्तरं असंबद्ध येऊ लागली, तर लगेच मोजा. साखर ६०० च्या पुढे गेलेली असू शकते, आणि मीटर आकडा न दाखवता फक्त ‘हाय’ दाखवतो. ‘हाय’ म्हणजे यंत्र बिघडलं असं समजून घरी थांबलेली माणसं रुग्णालयात बेशुद्ध पोहोचतात. हात धुऊन एकदा पुन्हा मोजा, पुन्हा ‘हाय’ आलं की निघा, आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत घ्या.